एलपी की सीडी? आणि माळ्यावरच्या तबकड्यांचं काय करायचं?



हल्ली आपल्यापैकी अनेकांना भारतातून एक ठरावीक फोन येतो. सोसायटी पुनर्विकासाला गेली आहे, सहा महिन्यांत घर रिकामं करायचं आहे, आणि आई किंवा दादा विचारतो, "माळ्यावर बाबांच्या रेकॉर्ड्स आहेत. ठेवू की देऊन टाकू?" आपण इकडे बसून काय उत्तर देतो? निम्मे म्हणतात, "दे रद्दीवाल्याला, आता सगळं सीडीवर आणि नेटवर आहे." उरलेले म्हणतात, "खबरदार हात लावलास तर! व्हिनाइलचा आवाज तो आवाज. सीडी म्हणजे नुसतं प्लास्टिक." (या दुसऱ्या गटातला एकही जण बॅग भरून त्या तबकड्या घेऊन येत नाही, तो भाग वेगळा!)

मला ही दोन्ही उत्तरं पटत नाहीत. मी शिकलो इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन, आणि आपल्या प्रथेप्रमाणे पोट भरतो सॉफ्टवेअरवर. बाबांच्या साठेक तबकड्या गेल्या काही वर्षांत दर सुट्टीला थोड्या थोड्या करून इकडे स्लाऊला आणल्या, त्यामुळे कॉलेजात पाठ केलेलं सिग्नल प्रोसेसिंग प्रथमच कानांना लावून बघता आलं. तर माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. आवाज साठवण्याचं साधन म्हणून सीडी ही एलपीपेक्षा निर्विवाद सरस आहे. आणि तरीही माळ्यावरच्या तबकड्या टाकू नका. ही दोन वाक्यं एकमेकांच्या विरोधात आहेत असं वाटेल, पण तसं नाही. का ते पुढे.

खाचेत काय असतं

कोलंबिया कंपनीने जून १९४८ मध्ये अमेरिकेत एलपी आणली. त्याआधीच्या ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकडीवर जेमतेम तीन मिनिटं मिळायची, एलपीवर एका बाजूला वीस-बावीस. आपल्या संगीतासाठी हा बदल केवढा मोठा! तीन मिनिटांत राग म्हणजे पोस्टकार्डावर कादंबरी. १९५५ मध्ये न्यूयॉर्कला उस्ताद अली अकबर खाँची एलपी निघाली, येहुदी मेनुहिन यांच्या निवेदनासह, तेव्हा परदेशातल्या श्रोत्याला घरबसल्या प्रथमच राग थोडा निवांतपणे ऐकता आला.

एलपीवरचा आवाज म्हणजे एक लांबच लांब नागमोडी खाच. सुई त्या नागमोडीतून जाते, हलते, त्या हलण्याची वीज होते. यात आकडा कुठेच नाही, सगळं अखंड. म्हणूनच "हा खरा आवाज" असं वाटतं. पण खाचेत जे कोरलेलं असतं ते मूळ आवाजासारखं नसतंच. मूळ आवाजातला खर्ज जसाच्या तसा कोरला तर खाच इतकी रुंद होईल की वीस मिनिटं मावणार नाहीत. म्हणून कोरताना खर्ज दाबतात आणि तार सूर वाढवतात. ऐकताना प्रीअँप बरोबर उलटं करतो. याचं प्रमाण आरआयएए या अमेरिकी संघटनेने १९५४ च्या सुमारास ठरवून दिलं आणि ते सगळ्या जगाने मानलं. २० हर्ट्झला आणि २० किलोहर्ट्झला हा बदल जवळजवळ २० डेसिबलचा, म्हणजे दहापट असतो. थोडक्यात, "कसलीही प्रक्रिया न केलेला शुद्ध आवाज" ही एलपीबद्दलची समजूत पहिल्याच पायरीला निकालात निघते.

आकड्यांत काय असतं

सोनी आणि फिलिप्सने मिळून बनवलेली सीडी १ ऑक्टोबर १९८२ ला जपानमध्ये विक्रीला आली. सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाचं माप घ्यायचं, प्रत्येक माप १६ बिटांत लिहायचं, डावा-उजवा असे दोन मार्ग. गुणाकार केला तर सेकंदाला १४,११,२०० बिट. हा ४४,१०० आकडा कुठून आला? तेव्हा एवढे बिट साठवायला व्हिडिओ टेपच वापरत. अमेरिकी पद्धतीत सेकंदाला ६० फील्ड, प्रत्येकात वापरायच्या २४५ ओळी, ओळीत ३ मापं. गुणून बघा. युरोपी पद्धतीत ५० गुणिले २९४ गुणिले ३. उत्तर तेच!

सीडीविरुद्धचा नेहमीचा आक्षेप असा, की मापांच्या मधलं संगीत हरवतं, आवाजाचा जिना होतो. ऐकायला पटतं, पण खरं नाही. शाळेतली भूमिती आठवा. एका रेषेत नसलेले तीन बिंदू दिले तर त्यांतून एकच वर्तुळ जातं. मधले बिंदू दिले नाहीत म्हणून वर्तुळ अर्धवट राहत नाही, कारण आकार वर्तुळाचा आहे हे आपल्याला ठाऊक असतं. तसंच, आवाजात २२ किलोहर्ट्झच्या वरचं काही नाही एवढं आधी नक्की केलं, तर त्या मापांतून एकच एक अखंड लहर निघते. प्लेअरच्या बाहेर येते ती गुळगुळीत लहर, जिना नव्हे. माणसाचा कान ऐकतो २० किलोहर्ट्झपर्यंत, तेही लहानपणी. तिशी-चाळिशीतल्या आपल्यासारख्यांनी या वरच्या टोकाबद्दल भांडण्यात फारसा अर्थ नाही. :)

सर्वांत हळू आणि सर्वांत मोठा आवाज यांतलं अंतर सीडीवर सुमारे ९६ डेसिबल मिळतं. चांगल्या एलपीवर साठ-सत्तर. सीडीवर अडीच मिलिमीटरपर्यंतचा ओरखडा आला तरी त्यातले बिट गणिताने परत मिळतात, काहीही ऐकू येत नाही. एलपीवर केसाएवढा ओरखडा पडला की दर १.८ सेकंदांनी "टक्". (३३⅓ फेरे मिनिटाला, म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद.) तो टक् मग त्या गाण्याचा भागच होऊन जातो. मला एक तराणा अजूनही त्या टकाशिवाय अपुरा वाटतो.

विलंबित बाहेर, द्रुत आत

आता आपल्या संगीताच्या दृष्टीने एलपीचा सर्वांत मोठा दोष. याची चर्चा आपल्याकडे फारशी ऐकली नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एलपीचा फिरण्याचा वेग कायम असतो. त्यामुळे बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच जाते आणि आत लेबलाजवळ फक्त २१ सेंटिमीटर. म्हणजे तेवढ्याच सेकंदाचं संगीत निम्म्याहून कमी जागेत कोंबलेलं. दहा किलोहर्ट्झच्या एका लहरीला बाहेर ५१ मायक्रॉन जागा मिळते, आत २१. साध्या गोल सुईच्या टोकाची त्रिज्याच १५ ते १८ मायक्रॉन असते. तुळशीबागेतल्या गर्दीत गणपतीच्या आदल्या दिवशी चारचाकी घालून बघा, म्हणजे त्या सुईची कल्पना येईल. वळणं तिला धड घेता येत नाहीत, ती कोपरे कापत जाते. आवाज फाटतो, स-श-च हे वर्ण फसफसतात.

आणि ख्यालाची बांधणी कशी असते? सुरुवातीला संथ आलाप, विलंबित. नंतर बोलतान, मग द्रुत, शेवटी ताना आणि तबल्याची धूम. म्हणजे जिथे जागा ऐसपैस आहे तिथे एकेक सूर शांतपणे लागतोय, आणि सगळं घाईचं, दाट, टिपेचं काम त्या अरुंद आतल्या खाचांत. किशोरीताईंच्या भूपाची एलपी ज्यांनी झिजेपर्यंत ऐकली आहे त्यांनी आठवून बघावं. दुसरी बंदिश येते तोवर सुई निम्मी आत पोचलेली असते. गाण्यात तसूभर उणं नसतं, खाचेतच जागा संपत आलेली असते.

सीडीत ही भानगड नाही. तिथे लेझर आतून बाहेर जातो आणि चकतीचा वेगच बदलतो. सुरुवातीला मिनिटाला सुमारे ५०० फेरे, शेवटी २००. त्यामुळे पहिल्या सेकंदाला जेवढी जागा तेवढीच शेवटच्या सेकंदाला. विलंबिताला आणि द्रुताला समान न्याय!

गंधार कोणी हलवला?

दुसरा दोष मधल्या भोकाचा. भोक बरोबर मध्यावर नसेल तर सुई दर फेऱ्याला आत-बाहेर होते आणि सूर चढतो-उतरतो. किती? समजा भोक १ मिलिमीटरने सरकलंय. आतल्या खाचेची त्रिज्या ६० मिलिमीटर धरली तर १.६७ टक्के. स्वरांच्या भाषेत हे सुमारे २९ सेंट. शंभर सेंट म्हणजे पेटीवरचं काळी-पांढरीचं अंतर. आणि आपली प्रमाणश्रुती, म्हणजे ८१ भागिले ८० हे गुणोत्तर, २२ सेंटची! म्हणजे अशा तबकडीवर सूर दर १.८ सेकंदांनी एका श्रुतीहून जास्त वर आणि तेवढाच खाली जाऊन येतो. पियानोच्या लांब सुरात हे लगेच टोचतं. पण दरबारीच्या आंदोलित गंधारात? तो गंधार गायकाने हलवला की भोकाने, हे कसं ओळखायचं? शंका आली तर तानपुऱ्याकडे कान द्या. तोही त्याच तालात डोलत असेल, तर दोष भोकाचा.

टर्नटेबलचा वेग दोन टक्के जास्त असेल तर काळी चारचं गाणं काळी चारच्या वर सरकतं. सीडी क्रिस्टलच्या ठोक्यावर चालते, तिथे असं काही होत नाही.

एवढं वाचून कुणी म्हणेल, "मग संपलंच की, काढ त्या तबकड्या मोडीत." थांबा जरा.

तरीही एलपी का आवडते?

कारण बऱ्याचदा ती खरोखरच जास्त चांगली वाजते. माझा एक एलपीवेडा मित्र हे छातीठोकपणे सांगतो आणि तो खोटं बोलत नाही. फक्त त्याचं श्रेय तो चुकीच्या ठिकाणी देतो, असं माझं मत. म्हणून मागच्या हिवाळ्यात आम्ही घरी एक प्रयोग केला. आम्ही पाच जण, एक ख्यालाची एलपी आणि मध्ये चादरीचा पडदा.

पहिली फेरी. एलपीचा आवाज एका वाटेने थेट अँप्लिफायरला दिला. दुसऱ्या वाटेने तोच आवाज आधी १६ बिट, ४४,१०० या सीडीच्याच मापात आकड्यांत बदलला, लगेच आकड्यांतून परत आवाजात आणला आणि मग अँप्लिफायरला दिला. दोन्हींची पातळी मीटर लावून समान केली, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच "जास्त चांगला" वाटतो. पडद्यामागे बायको बटण फिरवणार, आम्ही सांगायचं कोणता थेट आणि कोणता आकड्यांतून आलेला. पाच जण, प्रत्येकी दहा वेळा. पन्नासपैकी २६ उत्तरं बरोबर आली. नाणेफेक केली असती तरी एवढीच आली असती.

हा काही मोठा शास्त्रीय प्रयोग नव्हे. पण मोठे लोक वेगळं सांगत नाहीत. २००७ मध्ये अमेरिकेत मेयर आणि मोरन यांनी सीडीपेक्षा वरच्या दर्जाचं रेकॉर्डिंग घेतलं, ते मध्येच सीडीच्या मापातून गाळून काढलं आणि लोकांना फरक ओळखायला सांगितलं. ५५४ प्रयत्नांत २७६ बरोबर. पुन्हा नाणेफेकच.

दुसरी फेरी. तीच एलपी आणि दुकानातून विकत घेतलेली त्याच गाण्याची सीडी. इथे ओळखण्याचा प्रश्नच नव्हता, एलपी खरखरीवरूनच कळते. म्हणून विचारलं, "कोणतं आवडलं?" पाचांपैकी चौघांनी एलपी निवडली. मीही त्या चौघांत. कारण सरळ होतं. सीडीवर खरखर नव्हती, पण तानपुराही जवळजवळ नव्हता. आवाज कोरडा, बंद खोलीतला वाटत होता. श्वास घेतल्याचं ऐकू येत नव्हतं.

तिसरी फेरी सगळ्यांत महत्त्वाची. आम्हीच एलपीवरून बनवलेली डिजिटल प्रत, सीडीच्याच मापातली, आणि ती विकतची सीडी. त्याच चौघांनी आमची प्रत निवडली! म्हणजे जिंकलं काय? व्हिनाइल नव्हे. दोन्हीकडे आकडेच होते, माप तेच, प्लेअर तोच. फरक होता आकडे भरणाऱ्याच्या हातात.

सीडीवर येण्याआधी काय झालं

सीडी हे उत्तम भांडं आहे. पण भांड्यात काय ओतलं हे भांडं ठरवत नाही.

जुनं रेकॉर्डिंग सीडीवर आणताना पहिला प्रश्न, आणायचं कशावरून? मूळ टेप असेल तर उत्तम. पण टेप म्हातारी होते, तिचा लेप सुटतो, वरचे सूर मंदावतात. कधी मूळ टेपऐवजी तिच्या प्रतीची प्रत हाती येते. एलपी कोरली गेली तेव्हा मात्र टेप कोरी करकरीत होती. म्हणून एलपी, तिच्या सगळ्या दोषांसकट, मूळ आवाजाची जास्त जवळची साक्षीदार असू शकते.

दुसरा प्रश्न साफसफाईचा. खरखर काढणारं सॉफ्टवेअर कसं चालतं, हे आपल्यासारख्यांना सांगायला नको. जे सतत, हळू आणि एकसारखं आहे ते "नॉइज" समजायचं आणि वजा करायचं. आता विचार करा, आपल्या मैफलीत सतत, हळू आणि एकसारखं काय असतं? तानपुरा! जवारीतून उमटणारे ते वरचे नाजूक झणकार अशा सॉफ्टवेअरच्या तावडीत सर्वांत आधी सापडतात. सतारीच्या तरफा आणि गायकाचा श्वास त्याच रांगेत. बटण जरा जास्त फिरवलं की खरखरीबरोबर तेही गेले. ज्याने कधी तानपुरा जवळून ऐकला नाही, त्याला काही हरवलंय हे कळणारही नाही.

तिसरा प्रकार पाश्चात्त्य पॉप-रॉकमध्ये गाजला. आपलं गाणं रेडिओवर इतरांहून मोठं वाजावं म्हणून सगळे हळू आवाज वर ढकलायचे. १९९० च्या दशकापासून ही चढाओढ वाढत गेली. २००८ मध्ये मेटालिकाच्या 'डेथ मॅग्नेटिक'बद्दल चाहत्यांनीच तक्रार केली, कारण त्याच गाण्यांची 'गिटार हिरो' या खेळातली आवृत्ती सीडीपेक्षा मोकळी वाजत होती. ९६ डेसिबलचं मैदान हातात असताना लोक कोपऱ्यातल्या पाच-सहा डेसिबलमध्ये खेळत बसले. हा दोष मैदानाचा नक्कीच नाही.

उलट बाजूही पाहा. २०२२ मध्ये अमेरिकेत विकल्या गेलेल्या एलपींची संख्या १९८७ नंतर प्रथमच सीडींपेक्षा जास्त होती. त्याच वर्षी मोबाइल फिडेलिटी या नावाजलेल्या कंपनीला कबूल करावं लागलं, की त्यांच्या अनेक महागड्या, "अस्सल अ‍ॅनालॉग" म्हणून मिरवल्या जाणाऱ्या एलपींच्या वाटेत एक डिजिटल पायरी होती. तीही वर्षानुवर्षं! तोवर कसलेल्या कानांच्या मंडळींनी त्या एलपी डोक्यावर घेतल्या होत्या, कुणाला पायरी ऐकू आली नाही. त्यांची यात चेष्टा नाही. त्या एलपी छानच होत्या, कारण काम काळजीने केलं होतं. तीस पौंड देऊन नवी एलपी घेताना एवढं मात्र लक्षात असू द्या, की ती बहुधा आकड्यांतूनच आली आहे.

तर प्रश्न "एलपी की सीडी" हा नाहीच. कुणी बनवली, कशावरून बनवली आणि बनवताना कान उघडे होते का, हे विचारायला हवं.

मग तबकड्या का ठेवायच्या

कारण काही गाण्यांसाठी ती तबकडी हेच मूळ आहे.

१९०२ मध्ये कलकत्त्याला फ्रेड गायझबर्गने गौहर जान यांचा आवाज घेतला तेव्हा टेप नव्हती. आवाज थेट मेणाच्या तबकडीवर कोरायचा, तिच्यावरून धातूचा ठसा, आणि ठशावरून लाखेच्या प्रती. त्या प्रती तेव्हा जर्मनीत हानोवरला बनून भारतात येत. मी कामाला जाताना रोज हेझ स्टेशनवरून जातो. तिथल्या ग्रामोफोन कंपनीच्या कारखान्याची कोनशिला १९०७ मध्ये नेली मेल्बा या गायिकेने बसवली. आज त्या जागेला 'द ओल्ड व्हिनाइल फॅक्टरी' म्हणतात आणि तिथे फ्लॅट झालेत. पुनर्विकास काही फक्त पुण्यातच होतो असं नाही!

टेपचा वापर रुळला १९४० चं दशक संपता संपता. त्याआधीच्या ७८ च्या तबकड्यांची मूळ टेप कुठेच नाही, कारण ती कधी नव्हतीच. ठसा हरवला असेल तर लोकांच्या घरी उरलेल्या तबकड्या एवढाच पुरावा. नाट्यगीतं, भावगीतं, पोवाडे, कीर्तनं, विनोदी संवाद असं कितीतरी त्यात आहे. "नेटवर सगळं असतं" म्हणताना नेटवर ते कुणीतरी आपल्या माळ्यावरून काढून घातलेलं असतं, हे विसरायला होतं. आणि तिथे मिळते ती प्रत कोणत्या सुईने, कोणत्या वेगाने घेतली आणि त्यातला तानपुरा कुणी धुऊन काढला, याची नोंद सहसा नसते.

तेव्हा भारतातल्या घरी आणि इथे काय करता येईल ते थोडक्यात. हे मी स्वतः करतोय, म्हणून सांगतो.

१. तबकड्या उभ्या ठेवायला सांगा, पुस्तकांसारख्या. आडव्या थप्पीत खालच्या तबकड्या वाकतात.

२. सगळ्यांत आधी फोटो काढून घ्या. लेबल, कव्हरच्या दोन्ही बाजू आणि लेबलाभोवतीच्या कोऱ्या भागात कोरलेला क्रमांक. मोबाइलवर तासाभराचं काम आहे. तबल्यावर कोण, पेटीवर कोण ही नावं बऱ्याचदा फक्त कव्हरवरच उरलेली असतात.

३. शंभर एलपी कव्हरसकट साधारण वीस-बावीस किलो होतात, म्हणजे विमानातली एक बॅग. सगळ्या आणायची गरज नाही. जे सीडीवर कधी आलं नाही किंवा वाईट आलं, ते आधी.

४. ७८ च्या तबकड्या पडल्या की फुटतात, म्हणून त्या हातातल्या बॅगेत. त्या स्पिरिटने कधीही पुसू नका, लाख विरघळते. शिवाय त्यांना सुई वेगळी लागते, टोक सुमारे ७५ मायक्रॉन त्रिज्येच्या घरातलं. एलपीच्या सुईने त्या वाजवू नका.

५. आकड्यांत उतरवताना २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ ठेवा. मघाशी सीडीचं माप ऐकायला पुरेसं आहे म्हणालो ते खरंच आहे. पण हे ऐकण्यासाठी नव्हे, पुढच्या कामाला मोकळीक मिळावी म्हणून. चाळीस मिनिटांच्या एलपीला दीड जीबीहून कमी जागा लागते, आजच्या हिशेबाने काहीच नाही.

६. ही पहिली फाइल जशी आली तशी ठेवा. खरखरीसकट, टकासकट. साफसफाई करायची ती तिच्या प्रतीवर. उद्याचं सॉफ्टवेअर आजच्यापेक्षा हुशार असेल, त्याला मूळ माल मिळू द्या.

७. उतरवून झालं तरी तबकडी टाकू नका. घरी जागा नसेल तर संग्राहकांकडे जाऊ द्या. मुंबईत १९९० मध्ये सुरू झालेली 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' आणि गुरुग्राममधला 'अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज'चा संगीत संग्रह, यांच्यासारख्यांनी या क्षेत्रात मोलाचं काम केलं आहे. आधी यादी पाठवून विचारा, पोतं नेऊन टाकू नका. फारच घाई असेल तर जुन्या बाजारातला विक्रेतासुद्धा रद्दीवाल्यापेक्षा बरा. तो निदान वितळवायला देत नाही.

आमच्या साठांपैकी बावीस आतापर्यंत उतरवून झाल्या. माझी सात वर्षांची मुलगी त्या फोनवर ऐकते, ते माझ्या मते उत्तमच आहे. तिला सुई, भोक, आतल्या खाचा यांचं काही घेणंदेणं नाही. परवा गाणं सुरू होण्याआधीच ती म्हणाली, "बाबा, पहिल्यांदा ते झं-झं येतं ना, ते मला आवडतं." ते झं-झं एवढं तिच्यापर्यंत पोचलं की माझं काम झालं.

स्लाऊ, हेझ, हॅरो भागातल्या ज्या कुणाकडे अशा तबकड्या आहेत आणि यंत्र नाही, त्यांनी एखाद्या शनिवारी खुशाल घेऊन याव्यात. दोन सुया आहेत, एलपीची आणि ७८ ची. चहा आमच्याकडे. येताना तबकड्या मात्र गाडीत उन्हात ठेवू नका. इथे तशी वेळ क्वचितच येते म्हणा!